शुभमला रोटाचं बोलावणं

२४ जुलै, गुरुवार

पहाटे झोपेत भिकनच्या डफड्याचा आवाज ऐकला. वाजण्याचा नव्हे, तापण्याचा. आमच्या गावी, धामणदरला, कुणाचं लग्न असलं की भिकन उजाडायच्या आधी खळ्याच्या कडेला काडीकचऱ्याची शेकोटी करायचा. डफड्याचं चामडं धगीवर धरायचा आणि मधूनमधून बोटाने टिचकी मारून बघायचा. टप्. अजून ढिलं. टप्. अजून ढिलंच. आणि मग एकदम तडाम्! आम्ही पोरं गोधड्या फेकून पळत सुटायचो.

जाग आली तर गुजरातेतली ही डिंडोली. खालच्या गल्लीत कापडाच्या लूमचा खडखडाट. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा तो आवाज आजच का यावा? बहुतेक काल रात्रीच्या बोलण्यामुळे. चंचल, माझी नात, साड्यांची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढते. स्वतःच्या पगारातून तिने गिअरची सायकल घेतली आहे, जाड टायरची, डोंगरात चालवायची. रविवारी तिची सायकलवाली मंडळी सोनगडच्या पलीकडच्या डोंगरात जाणार. त्या डोंगरांच्या मागच्या अंगाला आमचा मुलूख. मी तर ऐकूनच हललो.

सूनबाई गायत्री म्हणाली, "पोरगी आनि डोंगरमा सायकल? लोके काय म्हनतीन?"

चंचल म्हणाली, "लोकांना सांग मम्मी, चाकं दोनच आहेत. उडत नाही ती."

धर्मेंद्र, माझा मुलगा, जेवताना सहसा बोलत नाही. सचिन गावातल्या कापड रंगवायच्या डाइंग हाउसमधून येतो तो आवाज बंद करूनच. पण काल म्हणाला, "आबा संगे जातीन ते जाऊ दे."

चंचल माझ्याकडे बघून हसली. तिने हे आधीच ठरवलेलं असणार. असू दे. मी स्वतः तीस वर्षं डिंडोली ते सचिन सायकल मारली आहे. नातीला राखायला माझ्याशिवाय लायक कोण?

२८ जुलै, सोमवार

काल जेवण होताच झोपलो म्हणून लिहिलं नाही. आज अंग ठणकतंय, पण मन अजून तिकडेच.

सायकली टेम्पोच्या हौद्यात बांधल्या होत्या, मी पुढे ड्रायव्हरजवळ. व्यारा मागे पडलं आणि पाऊस असा आला की वायपर नुसता लाजेकाजेस्तव हलत होता. सोनगडच्या पुढे डांबर संपलं. सगळे उतरले. पाच-सहा मुलं, चंचल आणि आणखी एक मुलगी. म्होरक्या नितीनभाई गुजराती, तोंडाने गोड. "काका, तमे टेम्पोमां बेसो, उपर चा पीशुं." टेम्पोत बसून राहायचं आणि थेट वर चहा प्यायचा? मी थोडाच ऐकतो! टेम्पो वरच्या शाळेपर्यंत वळसा घालून जाणार होता. मी दर वळणावर त्याला थांबवायचो आणि उतरून बघत बसायचो.

डोंगर ओळखीचे वाटले. तेच साग, तेच बांबू, तीच लाल माती, ढगात माथी. चिखल टायरला चिकटला होता असं म्हणणं चूक, टायरच चिखलाला चिकटले होते. पोरं चार हात चालवत, मग उतरून काडीने चाकातला गारा खरवडत, पुन्हा बसत. चंचल मात्र उतरली नाही. उतारावर ती पायडलांवर उभी राहिली, गुडघे थोडे वाकवले, आणि सोडून दिली सायकल! चिखलाचा पिसारा मागे उडत होता. माझ्या रुक्मिणीला जाऊन नऊ वर्षं झाली. ती असती तर ओरडली असती, "पडशी वं माय!" मी ओरडलो नाही. मला बन्सीलाल मास्तरांची कविता आठवली. मास्तर स्वतः कविता करायचे आणि आमच्याकडून घोकून घ्यायचे, शाळाखात्याच्या पुस्तकातली नंतर. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून मोठ्याने म्हटली:

ढगात दडल्या डोंगरमाथी
कुणी विसरली घोंगडी?
ये रे, ये रे, राखणदारा,
भिजून गेली कोकरडी!

मागून येणाऱ्या एका मुलाने ब्रेक लावला. हेल्मेटमधून नुसते डोळे आणि दात. "आबा, परत म्हणा ना." मी परत म्हटली. तो म्हणाला, "राखणदार आला का मग शेवटी?" मी म्हटलं, "कवितेत येत नाही." "बरोबर," तो म्हणाला, "आमच्याकडेही येत नाही," आणि गेला. असा हजरजबाबी! तो शुभम. सायकलच्या दुकानात मेकॅनिक आहे. कुणाची चेन उतरली, कुणाचा गिअर अडकला की सगळे "शुभम! शुभम!" करत होते.

मलाही एका सपाट तुकड्यावर त्यांनी सायकल दिली. मी बसलो, निघालो, आणि ब्रेक असा करकचून लागला की मी सायकलच्या पुढे पोचलो. सरळ नाल्यात! सगळे हसले. मीही हसलो. चिखल तोंडात गेला, त्याची चव बालपणीची होती. यात अतिशयोक्ती नाही.

पुढच्या ओढ्यात चंचल पडली. निसरडा दगड होता. नडगी सोलवटून निघाली, रक्त आणि चिखल एकत्र. मी पोचेपर्यंत शुभम पाण्यात बसला होता आणि तिचा पाय मांडीवर घेऊन बाटलीच्या पाण्याने हळूहळू धूत होता. ती ओठ चावत होती. तो म्हणाला, "ओरड ना." ती म्हणाली, "आबा बघताहेत." त्याने आपला गळ्यातला रुमाल सोडून बांधला. देवळातल्या मूर्तीचा पाय धुवावा तसा धूत होता तो. पावसाचे थेंब त्या दोघांभोवती पाण्यावर गोल गोल उमटत होते. मी तर बघतच राहिलो. अशी दृश्यं हल्ली कुठे दिसतात?

मग शाळेच्या पडवीत थांबलो. रविवार, शाळा बंद. टेम्पोवाल्याने स्टोव्हवर चहा ठेवला. शुभम एक रिकामा तेलाचा डबा उलटा घेऊन बोटांनी वाजवायला लागला. आणि माझ्या अंगावर काटा आला. ती चाल! नवरदेव वेशीत आला की वाजायची ती. ती दुसऱ्या कुठल्याच गावात नाही, भिकनने बसवलेली.

मी विचारलं, "कोनता गावना शे रे तू?"

तो थांबला. चंचल म्हणाली, "आबा, चहा घ्या, गार होतोय."

"थांब गं. सांग ना रे."

"नंदुरबारकडचे आम्ही," तो म्हणाला.

"नंदुरबारकडे ही चाल नाही. ही धामणदरची. भिकनची."

त्याने डबा खाली ठेवला. मग म्हणाला, "भिकन माझे आजोबा."

मी त्याला मिठीच मारली. चिखलासकट! भिकनचा नातू! मी त्याला सगळं सांगितलं. शेकोटी, टिचक्या, तडाम्. आमच्या घरच्या लग्नात भिकन दिवसभर वाजवायचा, आणि पंगती उठल्या की त्याला गोठ्याच्या भिंतीशी पत्रावळ वाढायचे. पाऊस असला तर पत्रावळीवर थेंब वाजायचे, जणू तेही एक डफडंच. शुभम ऐकत होता.

"आजोबा सांगायचे तुमच्या घरच्या जेवणाचं," तो म्हणाला.

"काय सांगायचा?"

"लांबून वास फार छान यायचा म्हणून."

मला फार बरं वाटलं. साठ वर्षांनी आपल्या घरच्या अन्नाची कुणी आठवण काढावी!

परतीच्या वेळी टेम्पोजवळ चंचलने माझा हात धरला. "आबा, घरी जरा कमी सांगा."

"कमी म्हणजे?"

"सायकल चालवली. पाऊस होता. बस. आणि हे भिकन वगैरे काहीच नको. प्रॉमिस?"

मी म्हटलं बरं.

पण असा दिवस पोटात ठेवायचा कसा? संध्याकाळी जेवायला बसलो. गायत्रीने नेहमीप्रमाणे विचारलं, कसं काय झालं. मी आधी पाऊसच सांगितला, खरंच. मग ओढा आला. ओढा आला की पाय आलाच, पाय आला की रुमाल, रुमाल आला की शुभम. मी रंगलो. हे लिहिताना कबूल करतो, मास्तरांनी शाबासकी दिली असती असं मी सांगितलं. चंचल म्हणाली, "आबा, भाजी घ्या." पुन्हा म्हणाली, "आबा, पुरे." मग उठून आत गेली. थकली असणार.

धर्मेंद्रने घास खाली ठेवला. "कोना नातू शे म्हने?"

"भिकनचा! आपल्या धामणदरच्या डफडेवाल्या भिकनचा. बघ, योगायोग!"

"आखो, आनखी सांगा, आबा," तो म्हणाला. "रुमाल त्यानाच व्हता? कोठे काम करस? राहस कोठे?"

लग्नापासून, म्हणजे त्याच्या लग्नापासून, धर्मेंद्रने माझं बोलणं असं कधी ऐकलं नव्हतं. कवितेचं नाव काढलं की टीव्हीचा आवाज वाढवायचा. काल पोळी हातात तशीच. मी जे जे ठाऊक ते सगळं सांगितलं, दुकान कुठे, टेम्पोवाल्याने सांगितलेली गल्ली कुठली. गायत्री गॅस बंद करून उभी होती.

फार दिवसांनी घरात माझं कुणी ऐकलं.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

चंचल कामावर गेली नाही. पाय दुखतो म्हणे. फोनही बिघडला आहे, धर्मेंद्रने दुरुस्तीला नेला. सायकल लखन घेऊन गेला, गायत्रीचा भाऊ. म्हणाला चिखल सुकला की गंज धरतो, सर्व्हिस करून आणतो. चंचल बाल्कनीतून बघत होती, सायकल रिक्षात घालताना चाक दरवाजाला अडकलं तर लखनने पायाने ढकललं. असा कुणी सायकलीला पाय लावतो?

३१ जुलै, गुरुवार

चंचलच्या खोलीला बाहेरून कडी. गायत्रीला विचारलं तर म्हणाली, वाऱ्याने दार आपटतं. वारा काही फार नाही.

मी दाराशी जाऊन म्हटलं, "चंचल, कविता म्हणू का?"

आतून आवाज आला, "तुम्ही कविताच म्हणा, आबा."

मी म्हटली. दोन्ही कडवी. तिने दाद दिली नाही. आमच्या वेळी आजारी माणसाला कविता म्हटली की हुशारी यायची, मास्तरांचा तो सिद्धांतच होता. या पिढीचं कळत नाही. एक शंका मनात येते आणि मी तिला बाहेरच बसवून ठेवतो. धर्मेंद्र हट्टी आहे, पण बाप आहे. बाप आपल्याच लेकराचं वाईट करील का?

२ ऑगस्ट, शनिवार

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहावा असा.

उद्या कानबाई, आमच्या खान्देशी देवीचा सण. अख्खी डिंडोली उद्या खान्देश होईल. आमच्यात कानबाईचा रोट फक्त भाऊबंदांत खातात, हे लिहून ठेवतो, कारण चंचलच्या पोरांना पुढे ठाऊक नसेल. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाची गव्हाची मूठ घालायची, ते दळायचं, त्या पिठाचा देवीचा नैवेद्य तो रोट. परक्याला त्यातला तुकडाही द्यायचा नाही. जावयालासुद्धा देत नाहीत.

आणि दुपारी धर्मेंद्र माझ्याजवळ येऊन बसला. स्वतःहून. म्हणाला, "आबा, त्या शुभमला उद्या जेवायला बोलवा."

"उद्या? कानबाईला?"

"रोट खावाले बलावा."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. रोट खायला म्हणजे घरातला! म्हणजे भाऊबंद! माझा मुलगा एवढ्या मोठ्या मनाचा निघाला आणि मी त्याच्याविषयी काय काय मनात आणत होतो. डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "धर्मेंद्र, भिकनच्या नातवाला रोट! धामणदर ऐकेल तर..."

"ऐकू द्या," तो म्हणाला. "माझ्या शब्दाला तो येणार नाही. तुमच्या शब्दाला येईल." नंबर त्यानेच लावून दिला.

शुभमने आधी मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, "आबा, रोट? मला?"

"तुलाच रे."

"घरात सगळ्यांना माहीत आहे?"

"अरे, धर्मेंद्रनेच सांगितलंय. माझ्याशेजारी बसलाय."

तो म्हणाला, "चंचलला फोन देता का?"

धर्मेंद्रने मान हलवली. मी म्हटलं, "ती पुरणात आहे." नव्हती, पण दिवस शुभ, एवढं खपतं.

"येतो आबा," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता, लहान मुलासारखा झाला होता. "आईला सांगतो. तिला खरं वाटणार नाही."

धर्मेंद्र हळूच म्हणाला, "कॅनॉल रोडने ये म्हणा. इकडचा रस्ता खोदलाय." मी तसं सांगितलं. सातला ये, कॅनॉल रोडने ये.

संध्याकाळी गहू घातले. धर्मेंद्रची मूठ, माझी मूठ. मी आणखी एक मूठ घातली आणि म्हटलं, "ही शुभमची." गायत्रीने माझ्याकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने तिने ती मूठ परत डब्यात टाकली. मी म्हटलं, "अगं, ती शुभमची." ती म्हणाली, "पुरेसे शेतस." असेल. बायकांना अंदाज असतो.

४ ऑगस्ट, सोमवार

मन खिन्न आहे.

काल दुपारपासून गल्लीत संबळ, डीजे, फुगड्या. घराघरात कानबाईचे मुखवटे, केळीचे खांब, लाइटिंग. गायत्रीने चंचलला नवी साडी नेसवून देवीपुढे बसवलं होतं. चार दिवसांत पोरीचे गाल बसले आहेत. मी तिच्याजवळ जाऊन कानात सांगितलं, "कोण येतंय ओळख."

"कोण?"

"शुभम. रोट खायला! तुझ्या बापाने बोलावलंय."

तिने माझा हात असा पकडला की नखं रुतली. "आबा, फोन द्या. आत्ता. त्याला येऊ नको म्हणून सांगा."

"वेडी! लाजतेस होय?"

"आबा, तुम्हाला कळत नाही का? फोन द्या, मी पाया पडते."

फोन माझ्याजवळ नव्हता, धर्मेंद्रकडे होता. तसं सांगितलं. ती उठायला गेली तर गायत्रीने खांद्यावर हात ठेवून बसवलं, म्हणाली, देवीपुढून उठू नये. मग चंचल हळू आवाजात माझ्याशी बोलत राहिली, आबा, जिन्याखाली जा, कुणाचा तरी फोन मागा, आबा, कॅनॉलकडे जा, आबा, आबा. आरती सुरू झाली होती. डीजेमुळे मला अर्धं ऐकू आलं नाही. आणि मी उठून जायचं तरी कुठे? मी आलेल्या पाहुण्याचं स्वागत करायला दारातच हवा ना.

साडेसहाला धर्मेंद्र आणि लखन त्याला घ्यायला म्हणून गेले. वाट चुकू नये म्हणून. मी दारात खुर्ची टाकून बसलो. मास्तरांच्या कवितेत एक नवं कडवं जोडलं होतं, राखणदार येतो असं. तो येईल आणि त्याला म्हणून दाखवीन.

ते दोघेच परत आले. धर्मेंद्र म्हणाला, "नही उना." सरळ मोरीत गेला. शर्ट त्याने स्वतः धुतला, आयुष्यात पहिल्यांदा. उजव्या हाताची बोटं सुजली होती. मी विचारलं तर म्हणाला, बाइकवरून घसरलो. लखन काही न बोलता देवीच्या पाया पडला, फार वेळ डोकं टेकवून.

रोट खाल्ला. दिलेला शब्द पाळायचा नाही, ही आजची पोरं. भिकन मुसळधार पावसात चार कोस चालत यायचा, पण बोलावल्यावर आला नाही असं कधी झालं नाही. शुभमला मी हे सांगणार होतो.

चंचल जेवली नाही. नाही आला, असं कळल्यावर ती धर्मेंद्रच्या हाताकडे बघत होती. नुसती बघत होती. मग तिला आत नेलं.

७ ऑगस्ट, गुरुवार

धर्मेंद्र म्हणाला, "आबा, कुणी विचारलं तर तुम्ही कुणाला फोन केला नव्हता."

मी म्हटलं, "पण केला होता."

"नव्हता केला."

"कोण विचारणार आहे?"

तो म्हणाला, "कोनीच नही." आणि टीव्ही लावला.

मी त्याला आणखी काही विचारणार होतो. बातम्यांत धरणाचं पाणी सोडल्याचं सांगत होते, ते बघत बसलो. तापी दोन्ही काठ भरून चालली आहे. या वर्षी पाऊस छान आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार

चंचलचं ठरलं. कडोदऱ्याचं स्थळ, मुलगा संदीप, त्यांचे स्वतःचे लूम. आपल्यातलेच, साक्री तालुक्यातले. येत्या रविवारी सुपारी. सुपारी फुटली की मग दोन्हीकडून माघार नाही. आमच्यात घरातल्या वडीलधाऱ्याने ती फोडायची, म्हणजे मी. धर्मेंद्र म्हणाला, "आबा, तुम्हाला वाटलं तर कविता पण म्हणा." पहिल्यांदाच म्हणाला असं.

मी चंचलला सांगायला गेलो. आज कडी काढलेली होती, पण ती बाहेर येत नाही. भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हटलं, "तुझी आजीही सुपारीच्या दिवशी रडली होती."

ती म्हणाली, "आजीने कुणाला मार खायला पाठवलं होतं का?"

"म्हणजे?"

ती उठून बसली. माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, कीव होती म्हणायला हवं, आणि ते रागापेक्षा लागलं. म्हणाली, "काही नाही. तुम्ही जा, आबा. तुमचं वय झालंय."

वय झालं आहे खरं. मी खोलीत येऊन मास्तरांची कविता म्हणायला बसलो तर तिसरी ओळच आठवेना. ही ओळ मी सत्तर वर्षांत विसरलो नव्हतो. थोड्या वेळाने आठवली. पण तेवढा वेळ फार वाईट गेला.

१७ ऑगस्ट, रविवार

सकाळी अकराला कडोदऱ्याची मंडळी येणार. घर फुलांनी सजलं आहे. ताटात सुपारी, हळद, कुंकू, नारळ. धोतर नेसून मीच पहिला तयार. लखन पाहुण्यांना घ्यायला हायवेपर्यंत गेला आहे. गायत्री खाली वेण्या आणायला. धर्मेंद्र आंघोळीला. चंचल आत, शेजारची मुलगी तिला साडी नेसवते आहे. म्हणून दोन ओळी लिहायला बसलो. आज मनाला शांत...

बेल वाजली.

दारात एक बाई आणि एक मुलगा उभे होते. मला वाटलं कडोदऱ्याचे लवकर आले. बाईची साडी साधी, पायात प्लास्टिकच्या चपला, पावसाने भिजलेल्या. मुलगा तिच्या खांद्यावर भार टाकून उभा. एक पाय प्लास्टरमध्ये. चेहरा पिवळा-निळा, डाव्या डोळ्याची फट. मी ओळखलं नाही. खरंच ओळखलं नाही.

बाई म्हणाल्या, "सुकदेव आबा तुम्हीच का?"

मी हो म्हटलं.

"मी पुष्पाबाई. मन्हा पोऱ्याले रोट खावाले बलायेल व्हतं तुम्ही. उशीर व्हयना. दवाखानामा व्हता."

मग मी त्याच्याकडे नीट बघितलं. शुभम. तो काही बोलला नाही. बोलू शकत नाही. बाईंनी सांगितलं, जबडा मोडला आहे, तारेने बांधला आहे, नळीने पाणी आणि दूध तेवढं जातं.

"खावता येत नही त्याले," त्या म्हणाल्या. "पन घरना मोठा मानूसनी बलायं, म्हनीसन त्याले लई उनू."

मी त्यांना आत घेतलं. सोफ्यावर बसवलं, पाहुण्यांसाठी नवी चादर घातली आहे तिथे. पाणी दिलं. बाईंनी घेतलं, त्याने मान हलवली. मी विचारलं, कुठे झालं हे? पोलिसांना सांगितलं का?

बाई म्हणाल्या, "त्यानी कोनं नाव घेतं नही. पोरीनं वाईट व्हई, असं लिखीसन दाखाडं." आणि मग म्हणाल्या, "कॅनॉल रोडले व्हयनं."

ती वाट मी सांगितली होती. सातला ये, कॅनॉल रोडने ये. ते माझेच शब्द आहेत, या वहीत मागच्या पानावर आहेत, उलटून बघायची गरज नाही.

बाईंनी विचारलं, काय लिहिता? म्हटलं, सवय आहे. वही मिटली तर त्यांच्याकडे बघावं लागेल, म्हणून लिहितो आहे. मुलगा माझ्याकडे बघत नाही. तो आतल्या खोलीच्या दाराकडे बघतो आहे. आत बांगड्यांचा आवाज होत होता, तो थांबला आहे. चंचलला बाईंचं बोलणं ऐकू गेलं असणार.

न्हाणीघरातलं पाणी बंद झालं.

"आबा," धर्मेंद्र आतून विचारतो आहे, "कोन उनं शे?"

बाई माझ्या तोंडाकडे बघताहेत. तो पुन्हा विचारतो आहे.